थारच्या मागच्या एक्सलपायी ८९,४५० रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

आधी आकडा सांगतो, कारण घरात अजून खरा सांगितलेला नाही. सेकंडहँड एक्सलचे, म्हणजे दोन्ही मागची चाकं फिरवणाऱ्या अख्ख्या दांड्याचे, ६२,०००, टेम्पोभाडं १,८००, बसवायची मजुरी ६,५००, ऑइल १,४५०, नंतर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) काम निघालं त्याचे १४,२०० आणि वकिलाच्या नोटिशीचे ३,५००. एवढं ओतून गाडी दारात उभी आहे.

गाडी २०१२ ची महिंद्राची डिझेल थार सीआरडीई. तेव्हाच्या गाडीला मागे साधं ओपन डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारे, लॉक न होणारे गिअर. एक चाक लटकलं की तेच गरगरतं, दुसरं ढिम्म हलत नाही. राधानगरीकडच्या लाल चिखलात हे फार वेळा भोगलंय. त्यात टायर मोठे घातले आणि एका चढावर क्राउनचे, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात गेले. मेस्त्री म्हणाले, "मालक, परत हेच भरलं तर परत हेच होणार." २०१५ च्या थारपासून ईटन कंपनीचं एमएलडी, म्हणजे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मिळू लागलं. तसलं एक्सल अॅक्सिडेंटच्या गाडीचं मिळालं तर बघावं, असं ठरलं.

मिळालं. ओळखीच्याच्या ओळखीतून, हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये. फोटो आले, खड्ड्यातून निघणाऱ्या थारचा व्हिडिओ आला, "दुसरी पार्टी सांगलीहून निघालीय भावा, तुझ्यासाठी धरून ठेवलंय" आलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ५,००० टोकन यूपीआयवर, बघायला गेल्यावर २०,००० यूपीआयवर आणि ३७,००० रोख. रोख कशाला? "जीएसटी लावला तर तुलाच महाग पडंल." हातात आली ती एक पावती, तिच्यावर छापील नाव आणि पत्ता, जीएसटी नंबराची जागा कोरी.

आता ती वेळ, जी आठवली की अजून डोकं फिरतं. हौसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, काळंकुळीत रंगवलेलं होतं. मी अंगठा टेकवला तर तो चिकटला. रंग ओला! बोल्टांच्या डोक्यांवर, झाकणाच्या कडेवर, सगळीकडे एकच हात फिरलेला. पाच-सात वर्षं पळालेल्या गाडीचं एक्सल आदल्या रात्री कोण रंगवतं? मी म्हटलं, मागचं झाकण खोला, आतला पार्ट बघतो. तर म्हणे, "कंपनी फिटिंग हाय दादा, खोललं की क्राउन-पिनियनचं सेटिंग जातंय. मग माझी गॅरंटी नाही." हे साफ खोटं आहे. सेटिंग आतल्या शिमांवर, म्हणजे पातळ चकत्यांवर, असतं, झाकण काढल्यानं फक्त ऑइल सांडतं आणि पॅकिंग नवं लावावं लागतं. आणि हे मला माहीत होतं. पण बाहेर टेम्पोवाला वेटिंगवरून कटकट करत होता, अंधार पडत होता आणि २५,००० आधीच त्याच्या खात्यात होते. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं, मला सांगा.

चाक फिरवून बघायला हवं होतं, असं आता सगळे शहाणे म्हणतात. बघितलं की! एक चाक पुढे फिरवलं तर दुसरं उलटं फिरलं. ओपन डिफरन्शियल असंच वागतं, पण एमएलडीही हातानं फिरवलं तर असंच वागतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडल्याशिवाय ते लॉक होत नाही. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. माझ्याआधी त्यानंच सांगितलं, "हातानं लॉक होणार नाही हं." काहीच माहीत नसतं तर मी संशय घेतला असता. अर्धं माहीत होतं म्हणून मान डोलावली.

बसवल्यावर चिखलात तोच जुना खेळ, एक चाक गरगर. शिवाय फोर बाय फोर टाकून थोडं कोरड्या रस्त्यावर आलो की लिव्हर निघेना आणि खालून कडाकड आवाज. ट्रान्सफर केसचं ऑइल काढलं तर त्यात चमकणारा चुरा. मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, एक चाक धरून दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवलं आणि एक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजले. मागे जवळजवळ अर्धा फेरा जास्त. पुढचा आणि मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे किती, तो जुळत नाही, म्हणजे फोर बाय फोरमध्ये दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडणार आणि मधल्या मधे ट्रान्सफर केस मरणार. झाकण खोललं तेव्हा आत नुसते चार गिअर, एमएलडीला लॉक लावायला असतात त्या गव्हर्नरच्या वजनांचा पत्ताच नाही. एक्सल थारचंही नव्हतं, ब्रॅकेट कापून नवी वेल्ड केलेली. त्यासाठीच तो काळा रंग.

फोन लावला तर आधी "बघतो", मग "बसवताना तुमच्या मेस्त्रीनं घालवलं", मग ब्लॉक.

आणि आता आपले साहेब लोक. पहिल्या ठाण्यात सांगितलं, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी मामला, कोर्टात जावा. दुसऱ्या ठाण्यात, हद्द आमची नाही. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येतो, कायदा तसा सांगतो. हे बोललो तर साहेबांनी खुर्चीतून वर बघितलं आणि विचारलं, "गाडीत एवढा बदल केलाय, आरटीओची परवानगी हाय काय?" म्हणजे चोर राहिला बाजूला, आरोपी मी! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ, फसवणुकीचं न्याय संहितेतलं ३१८ मात्र आठवेना. अर्जाची पोच मागितली तर "कशाला पाहिजे?" सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर यूपीआयच्या २५,००० ची तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. बँकेचं उत्तर आलं की पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं पाठवलेत. अहो, फसवलं जातं ते मर्जीनंच, जबरदस्तीनं नेलं तर त्याला दरोडा म्हणतात! रोख दिलेल्या ३७,००० बद्दल तर कुणी ऐकूनही घेईना. शेवटी तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवला. ठाणं गुन्हा नोंदवत नसेल तर हा रस्ता कायद्यातच आहे, आणि पोस्टाची पावती कुणी नाकारू शकत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथे आता कागद करतोय.

एक्सल घ्यायचं असेल तर झाकण खोलल्याशिवाय रुपया सोडू नका. खोलू देत नाही म्हणाला की तिथूनच उठा. स्वतःच्या पुढच्या एक्सलचा रेशो मोजून कागदावर घेऊन जा आणि मेस्त्रीला सोबत न्या, त्याचा दिवसाचा रोज माझ्या टेम्पोभाड्यापेक्षा कमी पडतो. रोख देऊ नका. कोऱ्या जीएसटीची पावती म्हणजे रद्दी. रेशो मोजतानाचा, झाकण खोलतानाचा व्हिडिओ विकणाऱ्याच्या आवाजासकट घ्या. ज्या गाडीचं म्हणून विकतोय तिचे स्क्रॅपचे नाहीतर विम्याचे कागद मागा, नाहीतर उद्या चोरीच्या मालाचंही तुमच्यावरच यायचं.

वकिलाची नोटीस परवा परत आली. पावतीवरच्या पत्त्यावर या नावाचं कुणी राहत नाही, असा पोस्टमनचा शेरा आहे. गोडाऊनला कुलूप आहे, आणि शेजारचा टायरवाला सांगतो की भाडं तर तीन महिन्यांचंच भरलं होतं.