कंटेनर शिरोलीत भरायचा की न्हावा शेव्याला?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्रीला पहिली मोठी निर्यात ऑर्डर लागली, की भावाची घासाघीस संपते न संपते तोच हा प्रश्न समोर येतो. रिकामा कंटेनर कारखान्यात मागवून इथेच भरून सील करायचा, की माल साध्या ट्रकने न्हावा शेव्याला पाठवून तिथल्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामात, भरून घ्यायचा? पहिल्याला सगळे फॅक्टरी स्टफिंग म्हणतात, दुसऱ्याला डॉक स्टफिंग. पूर्वी कारखान्यात सील लावायचं तर बऱ्याचदा अबकारी अधिकाऱ्याची वाट बघावी लागे. जुलै २०१७ च्या सीमाशुल्क परिपत्रकाने ती पद्धत मोडीत काढली आणि निर्यातदाराने स्वतः आरएफआयडी ई-सील (रेडिओ लहरींनी वाचता येणारं इलेक्ट्रॉनिक सील) लावायची सोय झाली. तेव्हापासून सल्ला देणारे बरेच जण डोळे झाकून फॅक्टरी स्टफिंग सांगतात. पण अधिकारी गेला म्हणून ट्रेलरचं भाडं कमी झालेलं नाही, आणि कोल्हापूरकराचा हिशोब तिथेच अडतो.

भाड्याचं गणित

रिकामा कंटेनर बहुतेक वेळा उरण-पनवेल पट्ट्यातल्या यार्डातून उचलावा लागतो. तिथून कोल्हापूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे ट्रेलर रिकामा डबा घेऊन येणार, भरलेला घेऊन जाणार, आणि भाडं दोन्ही बाजूंचं तुमच्याच माथी. डॉक स्टफिंगला मात्र ट्रकचं एकाच बाजूचं भाडं लागतं, कारण त्याला परतीचा माल मुंबईकडून मिळतो. त्यात सीएफएसमधलं माल उतरवणं, कंटेनर भरणं आणि भरलेला डबा टर्मिनलवर नेणं हे खर्च धरा. दोन्ही बेरजांना मालाच्या टनांनी भागा आणि मगच तुलना करा. ट्रेलरच्या फेरीचं भाडं २४ टनांवर वाटलं जातं तेव्हा फॅक्टरी स्टफिंग सहसा परवडतं. तेच १२ टनांवर वाटलं की टनामागे दुप्पट बसतं आणि सगळा फायदा भाड्यात जातो.

माल चार-पाच टनच असेल तर पूर्ण कंटेनरचा विचार सोडा. एलसीएलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत, पाठवा. फक्त एक लक्षात ठेवा: एलसीएलचं समुद्रभाडं घनमीटर किंवा टन, यांतला मोठा आकडा धरून लागतं. कास्टिंग लहान जागेत जड बसतं, त्यामुळे अडीच घनमीटरच्या पाच टन मालाला पाचाचंच भाडं पडतं. चपला पाठवणाऱ्याचं नेमकं उलटं असतं, त्याला घनमीटर मारतो.

वजन बसतंय का?

वीस फुटी कंटेनरच्या पाटीवर एकूण कमाल वजन बहुधा ३०,४८० किलो लिहिलेलं असतं. डब्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. म्हणून २८ टन भरता येतात असं वाटतं, पण प्रत्यक्षात मर्यादा रस्त्याची असते. ट्रेलरच्या आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनातून गाडीचं रिकामं वजन आणि डब्याचं वजन वजा करा. उरेल तेवढाच माल. पलीकडच्या देशाचे नियमही विचारून घ्या. अमेरिकेत साधारणपणे गाडीसकट ८०,००० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ३६ टन. तिथल्या ग्राहकाला २५ टनांचा डबा नेहमीच्या गाडीवर उचलताच येणार नाही.

दुसरी गोम पॅलेटची. १२०० × १००० मिलिमीटरचे पॅलेट वीस फुटी डब्यात एका थरात दहाच बसतात. पॅलेट सव्वा टनाचा धरला तरी एक थर साडेबारा टनांचा. पंचवीस टन भरायचे तर पॅलेटवर पॅलेट ठेवावाच लागतो, म्हणजे खालची पेटी वरचं ओझं पेलणारी हवी आणि दोन थर मिळून दाराच्या उंचीतून आत जायला हवेत. दाराची मोकळी उंची २.२८ मीटरच्या आसपास असते. पेटीचं ड्रॉइंग करतानाच हे ठरवा, कंटेनर दारात उभा राहिल्यावर नव्हे. लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं हवं: गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि पेटीवर एचटीचा (हीट ट्रीटमेंटचा) शिक्का. शिक्का पुसट असेल तर पलीकडच्या बंदरात माल अडतो.

कारखान्यात भरताना काय लागतं, काय चुकतं

परवानगी एकदाच काढायची असते आणि ती देशातल्या सगळ्या सीमाशुल्क केंद्रांवर चालते. पहिल्या नियोजित निर्यातीच्या १५ दिवस आधी आपल्या हद्दीच्या सीमाशुल्क कार्यालयाला कळवायचं. अधिकारी जागा बघून अहवाल देतात, मग परवानगीचं पत्र मिळतं. कारखान्याची जागा बदलली तर पुन्हा नवी परवानगी.

डबा आला की आधी आत शिरा आणि दारं बाहेरून लावून घ्या. अंधारात कुठेही उजेडाची टाचणी दिसली तर तो डबा परत. ओली फळी, तेलाचा वास, वर आलेला खिळा हेही बघा. यात लाजायचं कारण नाही, ट्रेलरवाला कुरकुर करणारच.

भरायला रॅम्प किंवा डॉक लागतो, कारण ट्रेलरवर डब्याची फळी जमिनीपासून सुमारे दीड मीटर वर असते. हायड्रा क्रेनने पॅलेट दारापर्यंत चढेल, आत ढकलायला मात्र पॅलेट ट्रक किंवा कमी उंचीच्या मास्टची फोर्कलिफ्ट हवी. जड पेट्या पुढच्या टोकाला ढीग करून मागे हलक्या ठेवणं ही नेहमीची चूक. डब्याच्या कुठल्याही अर्ध्या भागात एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त येऊ देऊ नका. मधल्या फटीत लाकडी ठोकळे मारा. खंबाटकीच्या उतारावर ब्रेक लागला की सैल पेटी पुढच्या भिंतीवर आदळते.

ई-सील विक्रेत्याच्या पोर्टलवर शिपिंग बिलाचा (सीमाशुल्काकडे भरायच्या निर्यात घोषणापत्राचा) क्रमांक व तारीख, सील क्रमांक, सील लावल्याची तारीख-वेळ, कंटेनर क्रमांक आणि ट्रेलरचा क्रमांक भरायचा असतो. म्हणजे शिपिंग बिल आधी, सील नंतर. शेवटच्या क्षणी दोन पेट्या इन्स्पेक्शनमध्ये नापास झाल्या तर बिलात दुरुस्ती करूनच पुढे जायचं. वाटेत ट्रेलर बंद पडून डबा दुसऱ्या गाडीवर चढवला तर नवा गाडी क्रमांक लगेच नोंदवा. सील छेडलेलं आढळलं तर तपासणी ठरलेलीच. मग डबा सीएफएसमध्ये जातो, उघडतो, आणि ज्यासाठी जास्त भाडं मोजलं तेच हातातून जातं.

सगळं जुळलं तर हा डबा सीएफएस टाळून थेट टर्मिनलकडे जातो. मशीन केलेल्या मालाला हा मोठा फायदा आहे. ज्या हातांनी व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी बांधली तेच हात डबा भरतात, आणि त्यानंतर दार ग्राहकाकडेच उघडतं.

सीएफएसमध्ये भरण्याची बाजू

इथे माल दोनदा हाताळला जातो, आणि दुसऱ्यांदा तुमचं माणूस तिथे नसतं. पावसाळ्यात ताडपत्रीतून भिजलेली पेटी तशीच डब्यात गेली, तर महिन्याभराच्या प्रवासात मशीन केलेल्या पृष्ठभागावर गंज येणारच. पण सोयीही आहेत. तपासणी लागली तर ती डबा भरण्याआधीच होते, भरलेला डबा फोडावा लागत नाही. दोन-तीन कारखान्यांचा माल एकाच डब्यात घालायचा असेल तर हेच सोयीचं. पूर आला तरी हा पर्याय जास्त लवचिक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तसं पुन्हा झालं तर अडकलेल्या ट्रकचं थांबणं परवडतं. कंटेनरचे मोफत दिवस संपून शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचं रोजचं शुल्क, सुरू झालं की परवडत नाही. जुलै-ऑगस्टच्या मालासाठी म्हणूनच सीएफएस बरा, भले टनेज पूर्ण असो.

कच्चं कास्टिंग, बारा टनांच्या आत, रॅम्प नाही: डॉक स्टफिंग. वीस टनांच्या वर, दर महिन्याला डबा, मशीन केलेला माल: कारखान्यातच भरा आणि रॅम्पचा खर्च पहिल्याच वर्षी करा. मधल्या टनेजवाल्यांनी दोन डिलिव्हऱ्या एकत्र करता येतील का ते आधी ग्राहकाला विचारावं, मग फॉरवर्डरला, म्हणजे मालवाहतुकीच्या एजंटाला.

दर मागवताना ट्रेलरचं होल्टिंग (थांबण्याचं भाडं) किती तासांनंतर सुरू होतं आणि मोफत दिवस किती, हे लेखी घ्या. भरलेल्या डब्याचं व्हीजीएम, म्हणजे माल आणि डबा मिळून प्रमाणित केलेलं एकूण वजन, दोन्ही पर्यायांत द्यावंच लागतं. आयजीएसटी भरून निर्यात करत असाल तर शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला क्रमांक अक्षरशः एकच हवा. एखादी तिरकी रेघ इकडे आहे आणि तिकडे नाही, एवढ्यावर एसबी००५ ही त्रुटी येते आणि परतावा थांबतो, डबा कुठेही भरलेला असो.