एकाच बोर्डावर किती काय जोडायचं: उनो, ईएसपी३२ की पिको?

सेन्सर चार झाले, डिस्प्ले दोन झाले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पिना पुरतील का?’ माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पिना वाढवायचे दहा मार्ग आहेत आणि तेही स्वस्तातले. घोडं अडतं ते रॅम, व्होल्टेज आणि पत्ते (एकाच तारेवरच्या उपकरणांचे ओळखक्रमांक) या तीन ठिकाणी, आणि त्यातलं निम्मं ओझं एकट्या डिस्प्लेचं असतं. म्हणून आधी डिस्प्ले ठरवा, मग बोर्ड, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी.

बोलायला सोपं जावं म्हणून एक प्रकल्प समोर धरू. गच्चीवरच्या बागेचा मॉनिटर: कुंड्यांमध्ये ओलावा मोजणारे चार सेन्सर, टाकीतल्या पाण्याचं तापमान, हवेचं तापमान-आर्द्रता, उजेड, एक घड्याळ आणि हे सगळं दाखवणारा पडदा. दुकानात सहज मिळणारे तीन मायक्रोकंट्रोलर बोर्ड यासाठी पाहू: अर्डुइनो उनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको. ईएसपी३२ म्हणजे इथे मूळचा, वरूम मॉड्यूलवाला. एस३, सी३ वगैरे भावंडांचे आकडे वेगळे आहेत. तक्त्यातल्या अॅनालॉग पिना म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणाऱ्या, आणि आयटूसी म्हणजे दोनच तारांवर अनेक मॉड्यूल जोडायची पद्धत.

| | उनो आर३ | ईएसपी३२ | पिको |
|---|---|---|---|
| रॅम | २ केबी | ५२० केबी | २६४ केबी |
| पिनांचं व्होल्टेज | ५ | ३.३ | ३.३ |
| अॅनालॉग पिना | ६, आयटूसी वापरलं तर ४ | वायफाय चालू असताना ६ | ३ |
| हार्डवेअर आयटूसी | १ | २ | २ |
| वायफाय | नाही | आहे | फक्त पिको डब्ल्यूमध्ये |

डिस्प्ले

सोळा बाय दोनचा एलसीडी अजून मरत नाही आणि मरूही नये. थेट जोडला तर सहा पिना खातो. मागे पीसीएफ८५७४ची छोटी पट्टी लावलेला घेतला तर दोनच. रॅम जवळजवळ लागत नाही. उनोवर चार ओळींचा मजकूर दाखवायचा असेल तर याचा वीस बाय चारचा थोरला भाऊ डोळे मिटून घ्या. ईएसपी३२ किंवा पिकोवर मात्र जपून. ही पट्टी ५ व्होल्टवर चालवली तर तिच्यावरचे पुल-अप रेझिस्टर आयटूसीच्या दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढतात, आणि समोरच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ‘माझं तर चाललं’ असं सांगणारे भेटतील. तरीही मध्ये लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्टमधला दुभाषी) घाला, तो काही महाग नसतो.

दुसरा पर्याय ०.९६ इंची ओलेड, आत एसएसडी१३०६ चिप. दिसायला देखणा, तारा चारच. पण १२८ बाय ६४ ठिपके म्हणजे १०२४ बाइट, आणि नेहमीची अॅडाफ्रूटची लायब्ररी तेवढं अख्खं चित्र रॅममध्ये धरून ठेवते. उनोच्या २ केबीतला अर्धा वाटा इथेच गेला. ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागितली जाते, त्यामुळे कंपाइल करताना आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) ‘मेमरी भरपूर आहे’ असंच सांगतं आणि प्रत्यक्षात पडदा काळा राहतो. लोक तारा तपासत बसतात, पाणी मुरत असतं रॅममध्ये. उनोवर असे दोन ओलेड या लायब्ररीने चालायचे नाहीत, हिशोबच बसत नाही. यू८जी२ लायब्ररीच्या पेज पद्धतीत तेच चित्र १२८ बाइटच्या तुकड्यांनी काढता येतं. थोडं सावकाश, पण चालतं. नुसता मजकूर हवा असेल तर तिचंच यू८एक्स८ रूप रॅममध्ये चित्रच ठेवत नाही.

रंगीत टीएफटी ही वेगळीच भानगड आहे. आयएलआय९३४१वाला ३२० बाय २४० चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला १,५३,६०० बाइट. उनोच्या रॅमच्या पंचाहत्तर पट! तिथे एक चित्रसुद्धा मावत नाही, थेट पडद्यावर रेघोट्या ओढाव्या लागतात. उनोची एसपीआय (अशा पडद्यांना डेटा पाठवायचा वेगवान मार्ग) जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर धावते, त्या वेगाने पूर्ण पडदा पुसायलाच निदान दीडशे मिलिसेकंद लागतात, आणि ते डोळ्यांना दिसतं. ईएसपी३२वर ४० मेगाहर्ट्झला हेच काम तीसेक मिलिसेकंदांत उरकतं. शिवाय हा पडदा ३.३ व्होल्टचा. तेव्हा रंगीत पडदा हवा असेल तर उनोचा विषय तिथेच संपला.

तारांचे मार्ग

आयटूसी १९८२ साली फिलिप्सने काढलं ते एकाच सर्किट बोर्डावरच्या चिपांना आपसात बोलण्यासाठी. दोन तारा, आणि प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा पत्ता. कागदावर शंभराहून जास्त उपकरणं एका जोडीवर बसतात; प्रत्यक्षात तुमच्या पेटीत पाच-सहा असतील आणि त्यातल्या दोघांचा पत्ता एकच निघेल. एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमनची जी गत, तीच इथे. नेहमीची जोडी म्हणजे डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर: दोघांचाही पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ६८. घड्याळाचा बदलत नाही. एमपीयूची एडी० पिन ३.३ला लावली की तो ६९वर जातो. हवेचं तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८० ७६ किंवा ७७वर, उजेडाचा बीएच१७५० २३ किंवा ५सीवर, ओलेड ३सी किंवा ३डीवर. ओलेडच्या पाठीवर ७८ आणि ७ए छापलेलं दिसलं तर गोंधळू नका, तो तोच पत्ता आठ बिटांत लिहिलेला आहे.

आमच्या बागेच्या मॉनिटरमध्ये घड्याळ, हवा, उजेड आणि ओलेड या चौघांचेही पत्ते वेगळे आहेत, म्हणजे सगळी मंडळी दोन तारांवर बसली. एकाच पत्त्याचे चार-पाच सेन्सर हवेच असतील तर टीसीए९५४८ए हा आठ फाट्यांचा स्विच घ्या. ईएसपी३२ आणि पिकोला मुळातच दोन आयटूसी असल्यामुळे दोघांचं भांडण तर फुकटात मिटतं.

आता एक बारीक गोष्ट. जवळपास प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप रेझिस्टर बसवलेले असतात. पाच मॉड्यूल, प्रत्येकावर ४.७ किलोओहम, सगळे समांतर: ९४० ओहम. ३.३ व्होल्टला तार खाली ओढायला साडेतीन मिलिअॅम्पिअर लागतात आणि आयटूसीचं मानक धरतं ३. एकेकटा सेन्सर नीट चालतो, सगळे लावले की बस (या सामायिक तारांची जोडी) अडखळते, असं झालं तर दोन-तीन मॉड्यूलांवरचे ते रेझिस्टर काढून टाका. उलट तारा लांब झाल्या तरी हेच दुखणं. तार लांबली की तिचा कपॅसिटन्स वाढतो, आणि बसवर ४०० पिकोफॅरडपर्यंतच मुभा आहे. पेटीच्या आत आयटूसी, पेटीबाहेर शक्यतो नको.

एसपीआय वेगवान, पण दर उपकरणामागे एक सिलेक्ट पिन मागते. टच आणि एसडी कार्डाची खाच असलेला टीएफटी घेतला तर क्लॉक, मोसी (बोर्डाकडून जाणारा डेटा), मिसो (बोर्डाकडे येणारा डेटा), तिघांच्या तीन सिलेक्ट, डीसी (डेटा की हुकूम हे सांगणारी) आणि रीसेट मिळून आठ पिना गेल्या. काही स्वस्त एसडी मॉड्यूल निवड सुटली तरी मिसोची तार सोडत नाहीत, आणि त्याच बसवरचा दुसरा सेन्सर वाचताना कचरा येतो. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधण्यात अर्थ नाही. एसडीला दुसरी एसपीआय द्या. ईएसपी३२ आणि पिको दोघांकडेही ती आहे.

टाकीतल्या पाण्यासाठी डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला पर्याय शोधू नका. प्रत्येकात ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक, त्यामुळे एका पिनवर दहा लावा, भांडण नाही. एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो आणि बऱ्याच मीटरची तार चालते. फक्त १२ बिटांचं वाचन ७५० मिलिसेकंद घेतं. लायब्ररीला ‘थांबू नकोस’ असं सांगितलं नाही तर तेवढा वेळ पडदा गोठतो. डीएचटी२२ हा हवेचा तापमान-आर्द्रता सेन्सरही एकाच तारेचा, पण त्याला पत्ता नाही: दर सेन्सरला स्वतंत्र पिन, आणि दोन सेकंदांतून एकदाच वाचन. नव्या कामात मी तो घेत नाही.

अॅनालॉगची कोंडी

ओलाव्याचे चार सेन्सर इथे खरी परीक्षा घेतात. (कपॅसिटिव्हच घ्या. उघड्या पात्यांचे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत गंजून जातात.) उनोच्या सहा अॅनालॉग पिनांपैकी ए४ आणि ए५ म्हणजेच आयटूसी, उरल्या चार. आमचे चार कसेबसे बसले, पाचवी कुंडी आली की संपलं. पिकोला तीनच. ईएसपी३२च्या कागदावर पिना खूप दिसतात, पण वायफाय चालू झालं की एडीसी२ या दुसऱ्या मोजणी गटातल्या वापरता येत नाहीत. उरतात ३२ ते ३६ आणि ३९ यांतल्या सहा, आणि त्याही टोकांकडे सरळ मोजत नाहीत. तिन्ही बोर्डांना एकच उत्तर: एडीएस१११५ ही अॅनालॉग मोजणारी वेगळी चिप. चार वाहिन्या, १६ बिट, आयटूसीवर, आणि पत्ते चार, म्हणजे चार चिपा लावून सोळा कुंड्या.

ईएसपी३२च्या आणखी दोन खोडी आधीच माहीत असाव्यात. ३४ ते ३९ या पिना फक्त आत घेतात, त्यांतून काही चालवता येत नाही आणि आतला पुल-अपही नाही. आणि १२ क्रमांकाच्या पिनला सुरू होताना वर ओढणारं काही जोडलं तर बोर्ड बूटच होत नाही.

मग घ्यायचं काय

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, दोन-तीन सेन्सर आणि एलसीडी एवढंच असेल तर उनो. ५ व्होल्टच्या मॉड्यूलांशी त्याचं जमतं आणि मुलांच्या हातून सहजी मरत नाही. उनोचाच आकार आणि ५ व्होल्ट हवेत पण रॅम कमी पडतेय, तर २०२३मध्ये आलेला आर४ पाहा. ३२ केबी आहे, दोन ओलेड आरामात. बागेच्या मॉनिटरला मी ईएसपी३२ घेईन, कारण आकडे फोनवर पाहायचा मोह आज ना उद्या होतोच. पिको घ्यावा तो विचित्र वेळापत्रकाची उपकरणं जोडणाऱ्याने: त्यातली पीआयओ यंत्रं प्रोसेसरला न अडकवता हवा तो सिग्नल पिनवर तयार करून देतात.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर असो, तपकीर गल्लीत की ऑनलाइन, एक तपासणी कराच. बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० सर्रास गळ्यात मारतात, आणि त्याला आर्द्रता कळतच नाही. बीएमईची धातूची टोपी चौकोनी, बीएमपीची किंचित लांबट. शंका आली तर चिपचा ओळखक्रमांक वाचा, बीएमई ६० सांगतो आणि बीएमपी ५८. घरी आल्यावर एकेक मॉड्यूल लावून आयटूसी स्कॅनर चालवा आणि मिळालेला पत्ता मार्करने त्याच्या पाठीवर लिहा.

पडदा स्वयंपाकघरात आणि सेन्सर गच्चीवर असा बेत असेल तर मात्र एकाच बोर्डाचा हट्ट सोडा. जिन्यातून आयटूसीची तार खाली आणण्यापेक्षा दुसरा ईएसपी३२ स्वस्त पडतो. दोघे ईएसपी-नाऊने राउटरशिवाय थेट बोलतात. एका निरोपात २५० बाइट जातात आणि आपल्या सगळ्या कुंड्यांचे आकडे त्यात सहज मावतात.