कथा-कादंबऱ्यांतून तत्त्वज्ञान : सुरुवात कुठून करावी?

कोण कधी काय म्हणून गेला हे जाणून घ्यायचंय, की एखाद्या प्रश्नाशी स्वतः झटायचंय? पुस्तक निवडण्याआधी एवढं ठरवा. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात सहसा मिळत नाहीत, आणि नवखे वाचक बहुतेक वेळा चुकीचं पुस्तक आधी उचलल्यामुळेच वैतागतात.

इतिहास हवा असेल तर योस्टाइन गार्डर यांची ‘सोफीज वर्ल्ड’ (१९९१) सोयीची. चौदा वर्षांच्या सोफीला ‘तू कोण आहेस?’ अशी चिठ्ठी येते आणि तिथून सॉक्रेटिसच्या आधीच्या ग्रीक विचारवंतांपासून विसाव्या शतकापर्यंतचा पट क्रमाने उलगडत जातो. पट मुख्यतः पाश्चात्त्य आहे, हे आधीच लक्षात घ्या. खरी अडचण मात्र वेगळी. शिक्षक सांगत जातो, सोफी बऱ्याचदा पटकन मान्य करते, आणि वाचणारा तिच्यासोबत मान डोलावतो. निष्कर्ष पाठ होतात, त्यामागची कारणं निसटतात. त्यात मध्यावर कथानकाला अशी कलाटणी मिळते की धडे सोडून पुढे पळावंसं वाटतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटपाशी गाडी अडली तर तिथेच डोकं आपटत बसू नका, मागे जाऊन त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ ह्यूम पुन्हा वाचा. आपल्याला एका घटनेमागून दुसरी घडताना दिसते, कार्यकारणसंबंध स्वतः दिसत नाही, असं ह्यूम म्हणतो. कांट त्यालाच उत्तर देतोय.

प्रश्नाशी झटायचं असेल तर जाडजूड कादंबरी नकोच. उर्सुला ले ग्विन यांची ओमेलास या सुखी नगरीची कथा (१९७३) मोजक्या पानांची आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होते. सगळ्या शहराचं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर टिकून आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. बरेच जण चरफडतात आणि मग राहतात, काही शहर सोडून जातात. पहिल्या वाचनात जाणारे थोर वाटतात. दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न धरा : ते गेल्याने मुलाची सुटका होते का? होत नाही. इथून उपयुक्ततावादावरचा, म्हणजे ‘ज्यातून एकूण सुख सर्वांत जास्त, तेच योग्य’ या मतावरचा, खरा वाद सुरू होतो. बेरीज-वजाबाकी करून नीती ठरते का? आणि ठरत नसेल, तर निव्वळ आपले हात स्वच्छ ठेवणं पुरेसं आहे का? वहीत तीन ओळी लिहा : दावा काय, कारण काय, आणि कशामुळे तो दावा कोसळेल. तिसरी ओळ सुचत नसेल तर गोष्ट आवडली आहे, पण युक्तिवाद अजून हाती लागलेला नाही.

यानंतर अल्बेर काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ (१९४२) घ्या. भाषा सोपी, आकार लहान, आणि त्यामुळेच फसवी. ‘आयुष्याला अर्थ नाही, तेव्हा काहीही केलं तरी चालतं’ हा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात आणि नायक मर्सोला काम्यूचा आदर्श पुरुष ठरवतात. दुसऱ्या भागातल्या खटल्याकडे बारकाईने बघा. आरोप खुनाचा, पण सरकारी वकील आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही यावर भर देतो. काम्यूचा स्वतःचा युक्तिवाद त्याच वर्षीच्या ‘द मिथ ऑफ सिसिफस’मध्ये आहे. तो सगळा झेपला नाही तरी सिसिफसवरचं (ग्रीक पुराणकथेत दगड डोंगरावर पुन्हा पुन्हा चढवण्याची शिक्षा झालेला) छोटं प्रकरण जोडीला वाचाच. जग निरर्थक वाटलं म्हणून जगणं सोडायचं नाही, ही त्याची भूमिका तिथे स्पष्ट होते.

व्हॉल्तेअरची ‘कांदीद’ (१७५९) या सगळ्यांत गमतीची. लिस्बनच्या बंदरात एक भला माणूस बुडतोय, कांदीद उडी घ्यायला निघतो, तर गुरू पँग्लॉस त्याला अडवून सिद्ध करतो की हे बंदर या माणसाला बुडण्यासाठीच घडवलं गेलं आहे! हसू येतं, पण ज्याच्या विचाराचं हे विडंबन आहे तो जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्स याच पुस्तकावरून समजून घेऊ नका. शक्य असलेल्या जगांपैकी हे सर्वोत्तम, असं तो म्हणाला. त्यातली प्रत्येक घटना सुटी काढली तर चांगलीच, असं नाही. विडंबन वाचायचं तर मूळ दावा आधी माहीत हवा. म्हणून हे पहिलं पुस्तक नव्हे.

दस्तयेव्हस्की तर सगळ्यांत शेवटी. ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८८०) पहिल्याच फटक्यात उचललेले अनेक जण रशियन नावांच्या जंजाळातच थकतात. नावांची यादी करून पानात खोचून ठेवा. पाचव्या भागातलं चौथं आणि पाचवं प्रकरण सावकाश वाचा : एका निष्पाप मुलाच्या छळावर सगळ्या जगाचं सुख उभं राहत असेल तर ते चालेल का, असं इव्हान धाकट्या भावाला विचारतो. ओमेलास आधी वाचली असेल तर प्रश्न लगेच ओळखू येईल. फक्त तिथे थांबू नका, नाहीतर वादात इव्हानच जिंकला असं वाटेल. उत्तर सहाव्या भागात, झोसिमा या साधूच्या आयुष्यात आणि शिकवणुकीत आहे. ते मुद्द्याला मुद्दा देत नाही. ते उत्तर म्हणून पुरतं की नाही, यावर वहीतल्या तीन ओळी पुन्हा लिहून बघा.