पेग इंटरफेरॉन इंजेक्शन : आण्णांना दीड वर्ष देतोय, त्याचा रिव्ह्यू

आण्णांना (आमचे वडील, वय ६८) पॉलिसायथेमिया व्हेरा आहे. रक्तात लाल पेशी भरमसाट होतात, हा पण सावकाश चालणारा ब्लड कॅन्सरच, पण आम्ही दोन वर्षं अंघोळीनंतर अंग खाजतंय म्हणून साबण बदलत बसलेलो. नंतर टेस्टमध्ये जॅक २ जीनचा बिघाड निघाला. मग दर महिन्याला बेळगावला जाऊन बाटलीभर रक्त काढायचं, हेमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) ४५ च्या खाली ठेवायला. आधी दिलेल्या गोळीनं तोंडात फोड आले म्हणून डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुरू केलं.

खोक्यातल्या कागदावर हेपटायटिस बी आणि सी असं छापलेलं, मेडिकलवाला मला विचारतोय लिव्हरचा पेशंट काय म्हणून. माझं डोकंच फिरलं, चुकीचं औषध दिलं की काय. मग डॉक्टरांनीच समजावलं. इंटरफेरॉन म्हणजे बाहेरचं केमिकल नव्हे, व्हायरस शिरला की आपल्याच पेशी हे प्रोटीन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. १९५७ ला लंडनमध्ये सापडलं आणि १९८६ ला अमेरिकेत एका ब्लड कॅन्सरवर मंजूर पण झालं. पण साधं इंटरफेरॉन काही तासांत अंगातून निघून जायचं, मग आठवड्याला तीनदा टोचा आणि तीनदा कण्हत पडा. म्हणून त्याला पीईजीची, म्हणजे नावातल्या ‘पेग’ची, लांब शेपटी जोडली (पोट साफ व्हायच्या पावडरीत असतं ना, त्यातलंच), त्यामुळं ते अंगात टिकतं आणि आठवड्याला एकच सुई पुरते. मला तर सगळी करामत त्या शेपटीतच दिसते.

आता खरं सांगतो, पहिली रात्र वाईट. थंडी वाजून ताप, हाडं दुखतात, अगदी फ्लूसारखं. शरीराला वाटतं व्हायरस आलाय, कारण निरोपच तसला पाठवलाय की आपण! आम्ही शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर टोचतो, डॉक्टरांना विचारून आधी पॅरासिटामॉल, मग झोप. चार-पाच आठवड्यांनी ताप कमी झाला. पण आण्णा गप्प गप्प राहायला लागले, टीव्हीवर क्रिकेट लागली तरी बघेनात, आम्हाला वाटलं वय झालं. डॉक्टरांनी लगेच विचारलं की मन उदास असतं का, आणि डोस कमी केला. या औषधानं मन उदास होऊ शकतं, हे घरच्यांनी आधीच माहीत करून ठेवा. लिव्हर आणि थायरॉईडची टेस्ट पण अधूनमधून करायला लागते.

सगळ्यात जास्त डोकेदुखी थंडाव्याची. २ ते ८ डिग्री पाहिजे, गोठलं तर गेलं. पहिल्यांदा एका दुकानदारानं (नाव नाही घेत) सुई थेट बर्फाला चिकटवून पिशवीत दिली, घरी खानापूरला पोचेपर्यंत पार गोठलेली, ती टाकली, पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून थर्मोकॉलचा डबा, आत आइस पॅक, मधी टॉवेल. पावसाळ्यात लाईट गेली की फ्रीज उघडायचा नाही म्हणून घरात कर्फ्यू. बसमध्ये एक मावशी म्हणाल्या, काय हो, कुंदा (बेळगावची मिठाई) घेऊन चाललाय? होय म्हटलं, आण्णांसाठी.

गुण सावकाश येतो, हे मुद्दाम सांगतोय, दोन महिन्यांत काय दिसत नाही म्हणून सोडू नका. आम्हाला सहा महिने लागले, गेले आठ महिने रक्त काढावं लागलं नाही. खाज पण कमी. याच रोगासाठी बनवलेलं, दोन आठवड्यांतनं एकदा घ्यायचं इंटरफेरॉन पण आहे, युरोपात २०१९ ला आणि अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालं, आम्ही वापरलेलं नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या गोठलेल्या सुईचा नाही, आण्णा गप्प झालेल्या त्या दोन महिन्यांचा.