निन्टेंडो स्विच २ : काही महिन्यांच्या वापरानंतर

५ जून २०२५ ला निन्टेंडोचा स्विच २ हा हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल आला तेव्हा सगळी चर्चा त्याच्या मोठ्या स्क्रीनची होती. काही महिने रोज वापरल्यावर मात्र ठामपणे सांगता येतं, की हा कन्सोल खरा खुलतो तो डॉकमध्ये (सोबत मिळणाऱ्या स्टँडमध्ये) ठेवून टीव्हीला जोडल्यावर. हातात धरून खेळताना त्याच्या तडजोडी एकेक करून दिसू लागतात.

आधी स्क्रीनचंच घ्या. ७.९ इंच, १०८०पी (उंचीत १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी), एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी). कागदावर छानच, आणि स्थिर चित्र खरोखर सुरेख दिसतं. पण पॅनेल एलसीडी आहे आणि त्याचे पिक्सेल रंग बदलायला वेळ घेतात. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात पिक्सेलचा बदल पुरा होत नाही, म्हणून कॅमेरा झटकन फिरवला की कडा पुसट होतात. स्विचचं जुनं ओएलईडी मॉडेल (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) वापरलेल्यांना हे पहिल्याच तासात जाणवेल. बॅकलाइटचे (स्क्रीनमागच्या दिव्याचे) वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद होत नाहीत, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात काळा रंग करडाच राहतो आणि एचडीआरचा हातातला फायदा नावापुरता उरतो. शिवाय अपडेट न मिळालेले जुन्या स्विचचे गेम हँडहेल्डमध्ये (हातात धरून खेळताना) सहसा ७२०पीवर चालतात. ते १०८०पीवर दीडपट ताणले जातात. एका पिक्सेलचे दीड पिक्सेल नीट होत नाहीत, म्हणून अक्षरं मऊ दिसतात. आणखी एक, स्क्रीनवर कारखान्यातूनच चिकटवलेली पातळ फिल्म आहे. काच फुटली तर तुकडे विखुरू नयेत म्हणून ती असते. पॅकिंगचं प्लॅस्टिक समजून ती सोलू नका. टेम्पर्ड ग्लास लावायची असेल तर त्या फिल्मवरूनच लावा.

बॅटरी ५,२२० एमएएचची, म्हणजे साधारण २० वॅट-तास. जड गेम १० वॅटच्या आसपास खेचतो, त्यामुळे दोन तासांत खेळ आटोपतो. हलके दुमितीय गेम सहा तासांपर्यंत जातात. कन्सोल बहुतेक वेळ डॉकमध्येच राहणार असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधला ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचा पर्याय आजच सुरू करा. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली की लवकर थकते. बॅटरीची टक्केवारी चुकीची दाखवली जात असेल तर लगेच बॅटरी खराब झाली असं समजू नका. आधी ९० टक्क्यांचा तो पर्याय आणि आपोआप झोपण्याची सेटिंग तात्पुरती बंद करा, पूर्ण चार्ज करा, त्यानंतरही तासभर चार्जर लावून ठेवा, मग होम स्क्रीनवर तीन-चार तास चालू ठेवून बॅटरी उतरू द्या आणि अर्धा तास पूर्ण बंद ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत मोजमाप बऱ्याचदा ताळ्यावर येतं.

आता डॉक. यात पंखा आहे, लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची जागा) आहे, आणि टीव्हीवर ४के ६० फ्रेमला किंवा १४४०पी आणि १०८०पी १२० फ्रेमला मिळतं. एनव्हिडियाच्या चिपमधलं डीएलएसएस हे चित्र मोठं करणारं तंत्र इथे कामाला येतं. कमी रिझोल्यूशनचं चित्र ते इतकं नेटकं वाढवतं, की दोन हात लांबून फरक कळत नाही. सोबतचा चार्जर ६० वॅटचा आहे. जुन्या स्विचच्या चार्जरने कन्सोल चार्ज होतो, पण तो डॉकला लावला तर टीव्हीवर चित्र येणार नाही. एचडीएमआय केबलही नवीच वापरा. एचडीआर आउटपुट ‘फक्त सुसंगत सॉफ्टवेअरसाठी’ यावर ठेवा, नाहीतर साध्या गेमचे रंग फिके पडतात. टीव्हीत एचजीआयजीचा (गेमच्या एचडीआरसाठीच्या सेटिंगचा) पर्याय असेल तर तो सुरू करून मगच कन्सोलमधलं एचडीआर कॅलिब्रेशन करा. हा क्रम उलटा झाला की प्रखर भाग जळल्यासारखे दिसतात. व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या वेगानुसार स्क्रीनचा वेग बदलण्याची सोय) मात्र फक्त कन्सोलच्या स्वतःच्या स्क्रीनवर आहे.

स्टोरेजकडे खरेदीच्या दिवशीच लक्ष द्यायला हवं. आत २५६ जीबी आहेत, आणि बाहेरून फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस (जास्त वेगवान प्रकारचं) कार्ड चालतं. साध्या कार्डवरून जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे उतरवता येतात, गेम ठेवता येत नाहीत. कार्डावर ‘ईएक्स’ हे चिन्ह पाहूनच घ्या. ‘गेम-की कार्ड’ लिहिलेल्या डब्यातल्या कार्डात पूर्ण गेम नसतो. तो पूर्ण डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली पट्टी असते, ती वाचा. ही पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण कार्ड घेऊनही जागा आपलीच जाते.

जॉय-कॉन २, म्हणजे कन्सोलच्या दोन बाजूंचे सुटे कंट्रोलर, चुंबकाने पक्के बसतात, काढताना मागचं बटण दाबायचं. स्टिकमध्ये हॉल सेन्सर (न घासता चुंबकाने हालचाल ओळखणारे) नाहीत, त्यामुळे ड्रिफ्टची (हात न लावता स्टिक सरकल्यासारखी वागण्याची) चिंता मिटली असं म्हणता येत नाही. जुने जॉय-कॉन वायरलेस चालतात, पण कन्सोलला अडकत नाहीत. माउस म्हणून जॉय-कॉन आडवा धरायचा असेल तर मनगटाची पट्टी आधी लावा. तिच्यामुळे खालची बाजू सपाट होऊन गुळगुळीत सरकते. काचेच्या टेबलावर मात्र खाली कापड किंवा माउसपॅड घ्या. नेम धरायला माउस नेमका आहे, पण कड अरुंद असल्याने अर्ध्या तासात बोटं आखडतात. डब्यातल्या ग्रिपमधून (दोन्ही जॉय-कॉन जोडून धरायच्या साच्यातून) जॉय-कॉन चार्ज होत नाहीत, त्यांना कन्सोललाच लावून ठेवावं लागतं. टीव्हीवर रोज तासन्‌तास खेळायचं असेल तर वेगळा विकत मिळणारा प्रो कंट्रोलर पहिल्याच महिन्यात घ्या. त्याची बॅटरी ४० तासांच्या आसपास चालते आणि हेडफोनची पिनही थेट त्यात लागते.