‘फ्रीझ’ खेळावं की एकेक शब्दाची गोष्ट?

एकांकिकेच्या तालमीआधी थोडा वेळ खेळायला एकच खेळ निवडायचा असेल, तर बहुतेक जण डोळे मिटून ‘फ्रीझ’ घेतात. दोघं एखादा प्रसंग करत असतात, कडेचा कुणी टाळी वाजवतो, दोघं आहेत तसे थिजतात आणि तो एकाची जागा घेऊन त्याच पोझमधून नवा प्रसंग सुरू करतो. त्यात चूक काहीच नाही. अंग मोकळं होतं, हशा पिकतो. गॅदरिंगला लोकांसमोर करायचं असेल तर मीही फ्रीझच सुचवीन.

माझं घोडं अडलं ते टाळीपाशी. फ्रीझमध्ये टाळी कधी द्यायची हे आत शिरणाराच ठरवतो. एकाचा हात वर गेला की कडेचा मनात म्हणतो, ‘लोकलमध्ये लटकलेला माणूस!’ सगळं जुळवून झालं की मग टाळी. याला हजरजबाबीपणा कसा म्हणायचा? शिवाय टाळी द्यायला धीटपणा लागतो. आमच्या गटात तीच दोन-तीन पोरं आत-बाहेर करत राहायची आणि बुजरी मुलं भिंतीला टेकून हसायची. पाळी लावून दिली, तर खेळाची मजाच गेली.

एकेक शब्दाच्या गोष्टीत ही सोय नाही. तिथे सगळे मिळून एकच गोष्ट रचतात, प्रत्येकाने पाळीपाळीने एकच शब्द बोलायचा. पाळी आली की शब्द टाकायचाच. कॅनडातल्या कॅल्गरीच्या लूझ मूस थिएटरचे एक संस्थापक कीथ जॉनस्टन हा खेळ घ्यायचे. भन्नाट काही शोधू नका, जे सहज सुचेल ते बोला, असा त्यांचा आग्रह असे. मला वाटतं, मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा जास्त कस लावतो. इंग्रजीत ‘द’, ‘अ’ टाकून निभावता येतं. आपल्याकडे तसले शब्द फारसे नाहीत. त्यात क्रियापद शेवटी. ‘एक – म्हातारी – विहिरीत’ इथवर आलं की सगळ्यांच्या मनात ‘पडली’ असतं आणि चौथा शांतपणे म्हणतो, ‘राहायची’. तुमचा पुढचा बेत तिथेच पाण्यात! आणि ज्याचं लक्ष नव्हतं तो ‘राहायचा’ म्हणून जातो आणि लगेच सापडतो. कोण ऐकतंय आणि कोण नुसता उभा आहे, हे तपासायला मला यापेक्षा सोपा उपाय मिळालेला नाही.

अर्थात, बघणाऱ्याला हा खेळ कंटाळवाणा. आठ-दहा जणांचं रिंगण केलं तर करणाऱ्यालाही. चार-चारचे गट पाडा, गोष्ट चालता चालता सांगायला लावा, आणि ‘मग’ व ‘आणि’ यांच्यावर बंदी घाला. नाहीतर प्रत्येक जण त्यांच्याच आडोशाला जातो.

फक्त प्रश्नांत बोलण्याचा खेळही कुणी सुचवेल. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी ‘ना?’ लावलं की काम भागतं, म्हणून मी तो सोडून दिला.

वेळ असेल तर दोन्ही खेळा, पण गोष्ट आधी घ्या. हशाची चटक लागलेली पोरं फ्रीझनंतर गोष्टीतही हशा पिकवणारा पंचच शोधत बसतात, असा माझा तरी अनुभव आहे.