फंक गिटार शिकायची आहे: आधी रिदम की आधी लीड?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचरं संगीत, वाजवायचं आहे त्याने बहुतेक वेळा रिदमपासून, म्हणजे कॉर्डच्या लयदार साथीपासून सुरुवात करावी, आणि रिदमचा हात बसायला लागला की लीड, म्हणजे एकेका स्वराचे सोलो, हाती घ्यावं. 'बहुतेक वेळा' म्हणतोय, कारण पुण्यात गिटार शिकायला येणारी माणसं एका साच्यातली नसतात. कुणी शाळेपासून तबला शिकून आलेला असतो, कुणी गाण्याच्या परीक्षा देत देत मोठी झालेली असते, कुणाला यंदा कॉलेजच्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या टीममध्ये शिरायचं असतं, तर कुणी हिंजवडीहून रात्री नवाला घरी पोचतो आणि जेवून झाल्यावर त्याच्याकडे जेमतेम अर्धा तास उरतो. या सगळ्यांना एकच उत्तर देणं बरोबर नाही.

एक गोष्ट धरून चालतो: साधे ओपन कॉर्ड तुम्हाला येतात आणि चार-पाच गाण्यांना साथ करता येते. तेवढं अजून येत नसेल तर दोन-तीन महिने तेच करा. रिदम की लीड हा प्रश्न त्यानंतरचा.

रिदम: सगळं काम उजव्या हाताचं

फंकच्या रिदममध्ये कॉर्ड फारशा बदलतच नाहीत. कित्येक गाणी एका किंवा दोन कॉर्डवर निभावतात. आघात कुठे करायचा आणि कुठे गप्प बसायचं, खरा खेळ तिथे असतो. गिटारवादक जिमी नोलन १९६५ मध्ये फंक गायक जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये आला आणि त्याच्या हातून ही पद्धत जगभर पोचली. कॉर्ड क्षणभर दाबायची, लगेच ढिली सोडायची, उजवा हात मात्र अखंड चालू ठेवायचा. तारांवर नुसती 'चक्-चक्' होत राहते आणि मधूनच कॉर्ड चमकून जाते. वादक त्याला 'चिकन स्क्रॅच' म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'शिक' बँडच्या नाइल रॉजर्सने हाच हात डिस्कोच्या नाचाला जोडला, आणि आजही फंक रिदम म्हटलं की पहिलं नाव त्याचं निघतं.

वाचून हे कळणार नाही, गिटार मांडीवर घ्या. ई नाइन कॉर्ड धरायची. पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला मधलं बोट, चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटला तर्जनी, आणि उरलेल्या तिन्ही बारीक तारांवर सातव्या फ्रेटला अनामिका आडवी. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला किंचित टेकू द्या, म्हणजे ती बोलणार नाही. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अॅप, ६० वर (मिनिटाला ६० ठोके) लावा. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून तोंडाने म्हणा, 'ति-र-कि-ट'. चार ठोक्यांत सोळा घरं झाली. उजवा हात खाली-वर, खाली-वर असा सोळाही घरांत फिरवत ठेवा आणि डाव्या हाताची बोटं न दाबता तारांवर नुसती टेकवा. आधी सोळाच्या सोळा घरांत फक्त 'चक्' यायला हवं. ते जमलं की पहिल्या 'ति'वर बोटं दाबा आणि लगेच सोडा. मग त्यात दुसऱ्या ठोक्याचा 'ट' मिळवा. एवढ्या दोन आघातांवर आठवडाभर काढलात तरी तो वेळ वाया जात नाही.

इथे दोन अडचणी जवळजवळ सगळ्यांना येतात. डावा हात दाबला की उजवा हात नकळत थबकतो. तो थबकता कामा नये, त्याला डाव्या हाताची खबरच नसावी. दुसरी अडचण अशी, की 'चक्' हवं असतं तिथे 'टिंग' असा बारीक स्वर निघतो. सातव्या फ्रेटवर तो हमखास निघतो, कारण तारेचा हार्मोनिक तिथेच आहे आणि एकच बोट हलकं टेकलं की तो बोलतो. मोकळी असलेली करंगळीही तारांवर आडवी टेकवा, स्वर बंद होईल. मनगट सैल हवं. कोपरापासून हात हलत असेल तर दोन मिनिटांत दंड भरून येतो आणि लय घसरते.

शिवाय सम. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सर्वांत जास्त जोर मागत असे. फंकवाले त्याला 'द वन' म्हणतात. मधल्या घरांत कितीही आडवंतिडवं वाजवा, पहिल्या ठोक्यावर बेस, ड्रम्स आणि गिटार एकत्र यायलाच हवेत. सवाईला बसून तबल्याची तिहाई समेवर पडताना ज्याने मान डोलावली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लीड: डावा हात आणि कान

लीडची वाट डोळ्यांना सोपी दिसते. मायनर पेंटाटॉनिकचे पाच स्वर, पाचव्या फ्रेटवरचा ठरलेला चौकोन, बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ, लावला की काहीतरी बरं वाजू लागतं. हे पाच स्वर म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. गाणं शिकलेल्या माणसाला ते गळ्यात आधीच बसलेले असतात, फक्त बोटांखाली आणायचे असतात.

पण फंकची खरी चव दोन गंधारांमध्ये आहे. साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि सोलोवाला त्यावर कोमल गंधार घेतो. ई सेव्हन शार्प नाइन नावाची जी कॉर्ड फंकमध्ये वारंवार येते, तिच्यात तर दोन्ही गंधार एकाच वेळी वाजतात. आपल्याकडे जोग रागात चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल गंधार लागतो. जोग ऐकलेला कान हा ताण लगेच ओळखतो. मायनर सेव्हन कॉर्डवर गाणं चाललं असेल तर काफी थाटाचे स्वर घ्यावेत, ज्यांना गिटारवाले डोरियन म्हणतात. नाइन किंवा सेव्हन कॉर्डवर असेल तर खमाज थाटाचे, म्हणजे मिक्सोलिडियन. एवढ्या शिदोरीवर फंकचे बरेच सोलो उभे राहतात.

अवघड भाग पुढे आहे. तार ओढून स्वर वर न्यायचा, म्हणजे बेंड, तो अचूक जागी पोचायला हवा. तपासायची रीत साधी आहे. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका ठेवा, मागे मधल्या बोटाचा आधार द्या आणि तार वर ओढा. आता दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट वाजवा. दोन्ही स्वर एक झाले तर बेंड बरोबर, नाहीतर जो थरथराट ऐकू येतो तेवढे तुम्ही बेसूर आहात. शिकणारे बहुतेक जण थोडे खालीच थांबतात. त्यांच्या कानाला ते कळत नाही, कारण बॅकिंग ट्रॅक ते झाकून टाकतो. म्हणून हा अभ्यास ट्रॅक बंद ठेवून करा.

'फंकाडेलिक' या फंक बँडच्या १९७१ च्या अल्बममध्ये गिटारवादक एडी हेझलने वाजवलेला सुमारे दहा मिनिटांचा सोलो आहे. त्यात वेग फार थोडा आहे. एकेक स्वर लांब धरलेला, ओढलेला, कंपित केलेला. स्क्रॅचच्या अगदी उलट टोक. फंक लीड म्हणजे भरभर बोटं चालवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा शांतपणे ऐकावा.

आणि तरीही ऐन गाण्यातला फंक सोलो लयीवरच उभा असतो. स्वर सोळा घरांच्या नेमक्या घरात पडले तरच ते फंक वाटतं. एकच स्वर घेऊन दोन मिनिटांचा सोलो वाजवून पाहा. ज्याला रिदम येतो त्याला एका स्वरातही बोलता येतं, ज्याला येत नाही तो दहाव्या सेकंदाला दुसरा स्वर शोधू लागतो. रिदम आधी घ्या असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर

लीडमध्ये आनंद लवकर मिळतो. दोन-तीन आठवड्यांत घरचे म्हणतात, अरे वा. त्यानंतर लांबलचक पठार लागतं. सुरेल बेंड आणि स्वतःचा म्हणावा असा व्हायब्रॅटो (धरलेल्या स्वराचं कंपन) यायला वर्ष सहज जातं. रिदमचं उलटं आहे. पहिले दीड-दोन महिने तुम्ही 'चक्-चक्' करत बसता, कुणी कौतुक करत नाही, स्वतःलाही शंका येते. रोज अर्धा तास दिलात तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ९० ते १०० च्या लयीत एक ग्रूव्ह न डगमगता धरता येतो, आणि त्या दिवसापासून तुम्ही कुठल्याही बँडच्या कामाचे होता. माझ्या दृष्टीने हे फार मोठं आहे. चार मिनिटांच्या गाण्यात सोलो अर्धा मिनिट चालतो, उरलेला सगळा वेळ गिटार रिदमच वाजवत असते. जॅमरूममध्ये तासाचे पैसे भरून चौघं जमतात तेव्हा पाच मिनिटं एकच गोष्ट नेटाने वाजवणारा गिटारवाला सगळ्यांना हवा असतो.

सोबत कुणीच नसेल, बँडचा विचार नसेल, घरी एकट्यानेच वाजवायचं असेल, तर हे पारडं बदलतं. एकट्याने तासभर स्क्रॅच करणं रुक्ष होतं. अशा माणसाला बॅकिंग ट्रॅकवर लीड वाजवताना जी गोडी लागते तीच त्याला रोज गिटारपाशी आणते, आणि रोज गिटारपाशी येणं सर्वांत महत्त्वाचं.

साहित्याचं म्हणाल तर रिदमला कमी लागतं. स्वच्छ आवाज आणि सिंगल कॉइल पिकअप असलेली, स्ट्रॅट धाटणीची साधी गिटार पुरते. पैसे उरलेच तर कॉम्प्रेसर (लहान-मोठे आघात एकसारखे ऐकू आणणारं पेडल) घ्या. घरात अकूस्टिक असेल तर रिदमचे पहिले धडे तिच्यावरही होतात. लीड मात्र अकूस्टिकवर शिकू नका, जाड तारांवर बेंड करताना बोटं सोलतात आणि स्वर पोचत नाही. नऊच्या सेटने (ज्यातली सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असते) बेंड सोपे जातात, पण जोरात स्ट्रम केलं की बारीक तारा सुरातून हलतात. दोन्ही करणार असाल तर दहाचा सेट बरा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. पुण्याच्या पावसाळ्यात न पुसलेल्या तारा लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचा प्रश्न असतो. रिदमचा अर्धा सराव इलेक्ट्रिक गिटार अॅम्पला न जोडताच होतो, रात्री अकरालाही कुणाला त्रास नाही. लीडला आवाज टिकवायला ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करून लांबवणारा इफेक्ट) लागतो, म्हणजे हेडफोनचा छोटा अॅम्प घ्यावाच लागेल. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर दोन्ही येतंच, त्यामुळे परीक्षेवरून हा निर्णय घेऊ नका.

तुम्ही यातले कोण?

तबला शिकलेला असाल किंवा गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकाबरोबर ताशा वाजवत असाल, तर डोळे मिटून रिदम घ्या. मनगट आणि लय दोन्ही तयार आहेत, तुमचे पहिले दोन महिने दोन आठवड्यांत आटपतील.

गाणं किंवा हार्मोनियम शिकलेल्यांना सगळे लीडकडे ढकलतात. मी म्हणेन, लीड तुम्हाला तसंही येणार आहे. निम्मा वेळ रिदमला द्या, नाहीतर स्वर सुंदर लागतील आणि फंक कुठेच नसेल.

फिरोदियासाठी किंवा कॉलेजच्या बँडसाठी चार-पाच महिनेच हातात असतील तर फक्त रिदम. इतक्या वेळात लीड रंगमंचावर नेण्याजोगं होत नाही, रिदम होतं.

दिवसभर काम करून अर्धा तास काढणाऱ्यांनी वीस मिनिटं रिदम आणि शेवटची दहा मिनिटं मनाला येईल ते लीड, अशी विभागणी करावी. ती दहा मिनिटं काटू नका, दुसऱ्या दिवशी गिटार उचलायची ओढ त्यांनीच टिकते. फंकाडेलिकचा तो सोलो ऐकूनच ज्याला गिटार घ्यावीशी वाटली, त्याने सरळ लीडपासून सुरुवात करावी. त्याला थांबवण्यात अर्थ नाही, रिदमची गरज त्याला आपोआप जाणवेल.

क्लास निवडताना डेमोच्या तासाला शिक्षकांना एवढंच सांगा: "सर, एकाच कॉर्डवर दोन मिनिटं फंक वाजवून दाखवाल का?" मेट्रोनोम लावून ते आनंदाने वाजवू लागले आणि तुमचा पाय आपोआप हलला, तर फी भरा. त्यांनी लगेच वेगवान सोलो सुरू केला तर आणखी एक-दोन क्लास पाहून या.